जिताड्याची मुंडी

आमच्या घरी भाजी खारट झाली की नवरा पहिला घास गिळून विचारायचा, "आज कोण मेलं?" मी सांगायची, "मावशींच्या आजेसासऱ्याचा बैल." त्याला राग यायचा नाही. उलट घास हातात तसाच धरून विचारायचा, "कसा मेला?" राग यायचा तो मला. कारण ती गोष्ट स्वयंपाकाच्या मावशींनी सकाळी मला सांगितलेली असायची, आणि मी ती त्याला सांगायला गेले की तिचं पार वाटोळं व्हायचं. बैल विहिरीत पडला आणि मेला, एवढंच माझ्या तोंडून निघायचं. मावशींनी तोच बैल सगळ्या पोळ्या लाटून होईपर्यंत विहिरीच्या काठावर उभा ठेवलेला असायचा.

हे कोपरखैरण्यातलं सांगतेय, नव्वदीच्या दशकातलं. आम्ही साताऱ्याकडचे. नवरा मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कामाला, पहाटे जायचा तो दुपारी जेवायला उगवायचा. तो जेवला की मी दुपारच्या शाळेत शिकवायला जायची. सकाळ वह्या तपासण्यात जायची, आणि स्वयंपाकाचा मला मुळातच कंटाळा. तो मी कधी लपवला नाही. सासूबाई गावी होत्या, त्यामुळे लपवायची गरजही पडली नाही. पहिला पगार हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते स्वयंपाकाला बाई शोधण्याचं, आणि घणसोली गावातून मावशी आल्या.

नऊवारी काष्टा, कपाळावर मोठं कुंकू आणि पायरी चढतानाच सुरू झालेलं तोंड. त्यांची शेती होती, मिठागरात वाटा होता, ते सगळं नव्या शहरात गेलं. त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, तुमचे या ओट्याखाली आमचा बांध व्हता." मी खाली फरशीकडे बघितलं. तर त्याच हसल्या आणि त्या बांधावरच्या खेकड्याची गोष्ट सुरू केली. जमीन मोजायला आलेल्या साहेबाच्या पायाचा अंगठा त्या खेकड्यानं असा धरला, की साहेबाला खेकड्यासकट तालुक्याला न्यावं लागलं. खरं-खोटं देव जाणे.

मावशी कोथिंबिरीची जुडी आणायला गेल्या तरी त्यातून खून, दरोडा नाहीतर निदान एक पळून गेलेली सून घेऊन परत यायच्या. गोष्ट रडकी असली की भाजीत मीठ दोनदा पडायचं. भुताची असली की पोळी करपायची, कारण भूत दिसल्यावर माणूस कसा थिजतो ते दाखवताना त्या स्वतःच थिजायच्या. मी चिडायची. "मावशी, आधी पोळी उलटा, मग भूत," असं ओरडायची. त्या पोळी उलटायच्या आणि भूत तिथंच पिंपळावर ताटकळायचं. मग मीच म्हणायची, "हं, पुढं?"

आमच्या बिल्डिंगला डक्ट होतं. म्हणजे मधोमध एक अंधारी पोकळी, तिच्यात सगळे पाइप आणि कबुतरं, आणि सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यातच उघडणाऱ्या. एकाच्या घरची फोडणी सगळ्यांच्या नाकात. मावशींचा आवाज त्या पोकळीतून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा. त्या आमच्याकडे आल्या की वरच्या-खालच्या बायकांना नेमकं खिडकीपाशीच काहीतरी निवडायला सुचायचं. पहिल्या मजल्यावरची एक तर सरळ विचारायची, "मावशी, तो चोर काल ढोलात लपला होता, त्याचं काय झालं?" स्वयंपाकाचे पैसे आम्ही द्यायचो आणि गोष्ट सगळी सोसायटी फुकट ऐकायची.

एकच खिडकी अशी होती की जिच्यातून हसू यायचं नाही. आमच्या बरोब्बर वरची. तिथल्या वहिनींकडेही घणसोलीचीच एक बाई स्वयंपाकाला यायची. मावशींची गोष्ट रंगात आली की वर पातेलं आपटायचं. एकदा मात्र आवाजच आला, "वयनी, काही मान्सांना चुलीला लाकडा लागत नाय. तोंडानीच पेटवतान."

मावशींचं लाटणं थांबलं. मी विचारलं, "कोण हो ती?"

"माझी जाव," मावशी म्हणाल्या. "धाकली."

मला धक्काच बसला. दोघी एका घरातल्या, मधे नंतर घातलेली एक भिंत. दोघी सकाळी एकाच रस्त्यानं यायच्या, एक रस्त्याच्या या कडेनं, दुसरी त्या. एकाच जिन्यानं चढायच्या. आणि वर्षानुवर्षं एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या. बोलायचंच झालं तर मावशी ते मला मोठ्यानं सांगायच्या आणि धाकटी वरच्या वहिनींना. आम्ही दोघी मधल्या मधे टपालपेट्या.

मुलांना मात्र हे भांडण लागू नव्हतं. मावशींना एकच मुलगी. ती रांगायला लागली तेव्हापासून भिंतीच्या या बाजूला झोपायची आणि त्या बाजूला जेवायची. धाकटीला दोन्ही मुलगेच, त्यामुळे पुतणीचे केस विंचरणं, तिला ओढणी घेणं, तिच्या डोळ्यात आलेल्या पाण्याचं कारण काढणं, सगळं काकीकडे. त्या मुलीचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली.

त्यांच्या घरात पहिली हळद काकीनं लावायची. हा काकीचा मान. मावशींनी दिराच्या हाती आमंत्रण धाडलं. धाकटीनं घेतलं, देव्हाऱ्यापाशी ठेवलं आणि "बगू" म्हणाली. तेवढंच. नवरीनं ते ऐकलं आणि आईला सांगून टाकलं, की काकीनं हळद लावली तर लावली, नाहीतर मी पाटावर बसणार नाही. मांडव परत पाठवा.

मावशी ओट्याशी उभ्या राहून मला हे सांगत होत्या आणि पहिल्यांदाच सांगताना हात हलत नव्हते. "लय हट्टी हाय पोर. जो बोलंल तो करंल."

"पण तुमच्या दोघींत झालं तरी काय?" मी वैतागून विचारलं. "इतकी वर्षं माणसं काय धरून बसतात?"

"काय झाला? काय पन नाय. मांजर झाला," मावशी म्हणाल्या, आणि बघता बघता त्यांच्या अंगात आलं.

ती त्यांची गावभर गाजलेली गोष्ट होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. धाकटीचं नवं लग्न झालेलं. तिचे वडील पहिल्यांदाच लेकीच्या घरी जेवायला येणार. मावशींच्या नवऱ्यानं खाडीतून जिताडा आणला. जिताडा म्हणजे तिकडचा माशांचा राजा. सरकारी कचेरीत अडलेलं काम जिताडा पोचला की सुटतं, असं तिथली माणसं हसत सांगतात. आणि त्याची मुंडी, म्हणजे डोकं, ते फक्त मानाच्या पाहुण्याच्या ताटात.

"यवरा मोठा जिताडा," मावशींनी लाटणं आडवं धरून दाखवलं, "दोनी हातानी उचलला तरी शेपूट भुईला लागं. कालवन शिजला. मुंडी मी बाजूला काढून ठेवली, झाकून. पाठ फिरवली, आनि मांजर. गेली मुंडी. म्हातारा आला, पाटावर बसला. ताट आला. म्हातारा कालवनान बोटा घालतंय. मुंडी नाय. हिकरं बगतंय, तिकरं बगतंय. वाटी उचलून वाटीचे खाली बगतंय." मावशींनी आमटीची वाटी उचलली, डोळे बारीक केले आणि तिच्या बुडाखाली असं काही पाहिलं की मी हसून हसून वह्यांवर पडले. "मंग माझेकडं बगतंय. मी बगतंय भिंतीकडं. मंग परत ताटान बगतंय, जसा काय जिताडा पोहून कुठं गेला."

डक्टभर हशा उसळला. पहिल्या मजल्यावरची तर खोकायला लागली. मावशी खुशीत म्हणाल्या, "गावची पोरा लय वर्सा एकमेकांना इचारत, आबा, मुंडी गावली काय."

हसू ओसरलं तेव्हा वरून आवाज आला. आपटलेलं काही नव्हतं, आवाज चढलेलाही नव्हता, म्हणूनच तो सगळ्या खिडक्यांत ऐकू गेला.

"वयनी, खालचे बाईला इचारा. त्या म्हाताऱ्याचा पुढं काय झाला तो पन सांगल काय."

मग धाकटीच सांगायला लागली, वहिनींना सांगावं तशी. तिचा बाप पुन्हा एकदा आला होता. लेकीसाठी तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन चालत. गावाच्या तोंडाशी पोरं आडवी झाली, आबा मुंडी गावली काय. पारावर बसलेली थोरली माणसंही हसली. त्यानं पिशवी तिथल्याच एका ओळखीच्या बाईकडे दिली, माझे लेकीला दे म्हणाला, आणि तिथूनच माघारी फिरला. "परत माझे दाराशी आला नाय. माझी पोरा झाली तवा नाय, घराची वाटनी झाली तवा नाय. बगाला मीच जायची. आनि तो गेला तवा पन मीच तिकरं गेली. माझे घराचा उंबरा त्यानी परत बगला नाय, वयनी. मुंडी गेली तर गेली. मुंडीचा कोन राग धरंल? पन आख्खा गाव माझे बापाला हासला. हासवनारी कोन, तो सगल्यांना ठावं हाय."

तव्यावरच्या पोळीतून धूर निघत होता. मी उठून गॅस बंद केला. मावशींनी वाटी जागेवर ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि निघून गेल्या. जिन्यात त्यांच्या जोडव्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी आल्या, पण मुक्यानं. तिसऱ्या दिवशीही तसंच. दुपारी नवरा जेवायला बसला, आमटीचा भुरका घेतला आणि काळजीनं माझ्याकडे बघितलं. "मावशींना बरं नाही का?"

"का?"

"आमटी चांगली झालीय."

खरंच झाली होती. मीठ बरोबर, पोळ्या मऊ, कुठं डाग नाही. असलं बेतशीर जेवण आमच्या घरात कधी झालं नव्हतं आणि दोघांच्याही घशाखाली ते धड उतरेना. मला त्या शांततेचा इतका राग आला की विचारू नका. बिल्डिंगीतल्या बाकीच्या बायका मला जिन्यात गाठून विचारायच्या, जशी काही मीच मावशींची जीभ कापून डब्यात ठेवलीय.

हळद रविवारी होती. त्याच्या आधी एका सकाळी मी वह्या बाजूला सारल्या आणि मावशींवर डाफरले. "एक जिना चढायचाय फक्त. जा, तिचे पाय धरा, चुकलं म्हणा. पोरीचं लग्न मोडून घेणार आहात का?"

मावशी कणीक मळत होत्या. "पाय धरीन," त्या म्हणाल्या. "माझे पोरीसाठी कोनाचे पन धरीन. पन त्यानी काय व्हनार ताई? मी तिला एकटीला चुकला बोलेन, आनि गाव? गावान तर तो म्हातारा अजून वाटी उचलून खाली बगतंय. मीच बसवलाय त्याला तिथं."

मी वही पुन्हा पुढ्यात ओढली आणि बरोबर उत्तरावर लाल फुली मारली.

मावशींनी कणीक झाकली. हात धुतले. गॅस पेटवलाच नाही. खिडकीपाशी गेल्या, गजांना धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाठ करून मलाच म्हणाल्या, "ताई, तो जिताड्याचा मी तुमाला खोटा सांगितला."

आवाज नेहमीचाच, टाकीपर्यंत जाणारा. डक्टातली कबुतरं उडाली. खिडक्या एकेक करून उघडताना मला ऐकू आल्या.

"मांजर नव्हता," मावशी म्हणाल्या. "मुंडी म्हाताऱ्याचेच ताटान वाढली व्हती. मी सोता वाढली. मोठी मुंडी, ताटाभायेर तोंड आलेली. म्हाताऱ्यानी हात जोडला, घास उचलला, आनि त्याची नजर गेली दाराकडं. दाराशी मी उभी. मी तवा पोटुशी, सातवा लागलेला. माझे तोंडाला पानी सुटलेला. कोनाला दिसला नाय. सासूला नाय, नवऱ्याला नाय. त्या एकल्या मान्साला दिसला." त्या थांबल्या. त्या थांबल्या की काय करायचं ते आम्हाला सवयीनं माहीत होतं, पण त्या दिवशी कुणीच "पुढं?" म्हणालं नाही. "पाव्हना पाटावरून उठला ताई. जेवता पाव्हना कवा उठतंय काय? हा उठला. ताट घेऊन दाराशी आला. मना बोलला, पोरी, पोटुशी बाय दाराशी उभी आसताना माझे तोंडान मुंडी गोड लागंल काय. आनि आख्खी मुंडी माझे हातान ठेवली. मी खाल्ली. तिथंच दाराचे मागं बसून खाल्ली, डोलं सुद्धा सोडलं नाय. मंग मना लाज वाटली. पाव्हन्याचा मान मी खाल्ला, गावाला काय सांगू? म्हनून मांजर आनला मी. आनि मांजर आनला तवा त्या देवमान्साला हातान वाटी दिली. खोटारडी मी, हासला गाव त्याला."

मावशींचा आवाज तिथं फुटला. पण सांगणारी ती सांगणारीच, शेवट सोडला नाही.

"त्या मुंडीवर माझी पोर वाढली. तिची हलद आयतवारी हाय."

मी खुर्चीत बसल्या जागी रडत होते. पहिल्या मजल्यावरून नाक ओढल्याचा आवाज येत होता. वरच्या खिडकीतून काहीच नाही. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि तीही चोरट्यासारखी वाटली.

मग वरून आवाज आला. "वयनी."

"काय गं?" वहिनी म्हणाल्या.

"खालचे बाईला सांगा, ती एक गोष्ट इसरली. माझे बापाचे डोक्याव तवा पागोटा व्हता. लाल."

मावशींनी गज आणखी घट्ट धरले. "व्हता," त्या म्हणाल्या, आणि या वेळी माझ्याशी नाही, सरळ वर तोंड करून. "लाल व्हता. उठला तवा सरकला, तो त्यानी एका हातानी धरला. दुसरे हातान ताट."

"तसाच धरायचा तो," वरून आवाज आला.

रविवारी आम्ही दोघं घणसोलीला गेलो. गावठाणातली गल्ली इतकी अरुंद की मांडवाचा एक बांबू समोरच्याच्या ओटीवर रोवलेला. आत धवलारीण, म्हणजे त्यांच्यात लग्नाचे विधी गाण्यातून करणारी बाई, गात होती, आणि नवरी पाटावर बसली होती. धाकटी भिंतीच्या पलीकडून आली ती हिरवी साडी नेसून, हातात हळदीची वाटी. कुणी वाट करून द्यायची वाट तिनं पाहिली नाही. पुतणीच्या दोन्ही गालांना हळद लावली, हनुवटी वर उचलली आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, "या पोरीनी आयशीचे पोटान आसताना माझे बापाचे ताटातली मुंडी खाल्ली हाय. उगाच नाय यवरी गोरीगोमटी."

मग तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पाटावरून उठलेला पाहुणा, पोटुशी बाई, हातात ठेवलेली मुंडी. ती मावशींइतकं चांगलं सांगायची नाही, पण तिचा हात नकळत डोक्यावर गेला आणि तिनं पागोटं धरून दाखवलं तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कोपऱ्यात बसलेला एक म्हातारा मान डोलावून शेजाऱ्याला म्हणाला, "लाल व्हता पागोटा. मना अजून याद हाय." मावशी मसाल्याच्या पातेल्यापाशी खाली मान घालून बसून होत्या. एवढ्या गर्दीत, एवढ्या मोठ्या गोष्टीत, त्यांनी एकदाही तोंड घातलं नाही. लेकीकडे मात्र बघत होत्या.

लग्न पार पडलं, मावशी कामावर परत आल्या. मी काही दिवस कळ काढली. मग एका सकाळी न राहवून विचारलंच. "मावशी, मला खरं सांगा. मुंडी तुम्ही खाल्ली होतीत?"

मावशींनी आधी खिडकीकडे बघितलं. मग जवळ आल्या आणि त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

"नाय गो. मांजरानीच नेली."

"मग तुम्ही ते सगळं... लाज वाटली, खोटारडी मी..."

"कोनाला तरी खोटारडा व्हावाच लागनार व्हता," मावशी म्हणाल्या. "म्हाताऱ्याला पाटावरून उठवाचा व्हता ना."

"पण धाकटीनं कसं मानलं? तिला काय माहीत, खरं काय ते?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलाकडे मी बघते तशा बघत होत्या, पण हसत होत्या. "तिला ठावं नाय? मांजर चुलीवरून उडी मारून पलाला तवा त्याचे मागं लाटना घेऊन परसाभायेर कोन धावली व्हती? मी तर पोटुशी. मना धावता येतंय काय?"

वरच्या खिडकीतून हाक आली, "थोरले, घरी जाताना थांब गो, मी पन येतंय." मावशींनी "हो" म्हटलं आणि भाजीत मीठ टाकलं. ते त्यांनी आधीच टाकलेलं होतं.